रुळांकाठची रंगमंदिरे : ठाणे, दिवा आणि कल्याण-डोंबिवलीच्या नाट्यगृहांचा इतिहास

मध्य रेल्वेच्या मार्गावर ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे अंतर अवघे वीस किलोमीटरचे आहे आणि एवढ्या पट्ट्यात महानगरपालिकांच्या मालकीची चार मोठी नाट्यगृहे आज उभी आहेत. ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. या चौघांच्या बरोबर मध्ये दिवा हे जंक्शन आहे. येथून एक फाटा पनवेलकडे जातो आणि पुढे कोकणाला मिळतो, दुसरा भिवंडीवरून वसईला जातो, आणि मुख्य मार्ग मुंबईला कल्याणशी जोडतो. मात्र मोठ्या व्यावसायिक प्रयोगाला लागते तसे नाट्यगृह दिव्यात नाही. या पट्ट्यातील नाट्यगृहांचा इतिहास पाहू गेल्यास तो पुन्हा पुन्हा लोहमार्गापाशी येऊन थांबतो, कारण नाटक येथे आणले ते रेल्वेने, आणि येथील प्रेक्षकाला सव्वाशे वर्षे नाटकासाठी दुसरीकडे नेले तेही रेल्वेनेच.

‘नाट्यगृह’ या शब्दाने आज खुर्च्या, पडदा, प्रकाशयोजना आणि तिकीटबारी असलेली बंदिस्त इमारत डोळ्यांसमोर येते, परंतु मराठी नाटकाच्या आयुष्यात ही इमारत बरीच उशिरा आली. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाच्या बांधणीला वाहिलेला आहे. त्यात विकृष्ट म्हणजे लांबट आयताकृती, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी असे मंडपाचे तीन आकार सांगितले असून मर्त्य माणसांसाठी 64 हात लांब आणि 32 हात रुंद असा मध्यम विकृष्ट मंडप योग्य ठरवला आहे. मंडप याहून मोठा केला तर नटाचा शब्द विरतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव मागच्यांना दिसत नाहीत, हे त्यामागील कारणही ग्रंथकाराने दिले आहे. हात दीड फुटाचा धरला तर हे माप सुमारे 96 फूट गुणिले 48 फूट होते, आणि त्यातही निम्मी जागा रंगमंच व नेपथ्यगृह, म्हणजे नटांच्या वेशभूषेची खोली, यांच्याकडे जाते. हजार आसनांची नाट्यगृहे बांधणाऱ्या आधुनिक नगरपालिकांनी हा सल्ला ऐकला नाही, आणि ध्वनिक्षेपकाच्या काळात तो ऐकण्याची निकड त्यांना वाटली नाही. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून नटाचा डोळा शोधणाऱ्या प्रेक्षकाला मात्र भरताचे म्हणणे अजूनही पटते.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने. पहिल्या पिढीतील नाटक मंडळ्या राजवाड्यांत, सावकारांच्या वाड्यांच्या चौकांत आणि देवळांपुढील मांडवांत खेळ करीत, आणि नाटक पाहणारा बहुधा यजमानाचा पाहुणा असे. राजाश्रय आटल्यावर भावे यांची मंडळी गावोगाव हिंडू लागली आणि 1853 च्या सुरुवातीच्या महिन्यांत ती मुंबईत पोहोचली, तेव्हा मराठी नाटकाची बंदिस्त, तिकीट लावलेल्या नाट्यगृहाशी पहिली गाठ पडली. हे नाट्यगृह म्हणजे 1846 साली सुरू झालेले ग्रँट रोड थिएटर. मुंबईतील इंग्रजांच्या नाट्यहौशीसाठी ते उभारले गेले होते आणि त्यासाठी जमीन दिली होती जगन्नाथ शंकरशेट यांनी. याच शंकरशेटांचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत पुढे असलेल्या पहिल्या भारतीयांमध्ये येते. ज्या वर्षी ग्रँट रोडच्या रंगमंचावर मराठी पात्रे उभी राहिली, त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. मुंबईच्या नाट्यगृहातील मराठी नाटक आणि ठाण्याची रेल्वे यांचा जन्म असा एकाच वर्षातला, आणि दोन्हींच्या मागे एकच माणूस उभा आहे. पुढच्या वर्षी 1 मे 1854 रोजी रूळ कल्याणपर्यंत गेले, म्हणजे खाडीकाठच्या भातखाचरांमधून आणि मिठागरांजवळून आगगाडी धावू लागली तेव्हा दिवा हे गाव तिच्या वाटेवर आपोआप आले.

ग्रँट रोडच्या परिसरात पुढील काही दशकांत व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी नाट्यगृहे एकामागून एक उभी राहिली. पारशी, गुजराती, उर्दू आणि मराठी मंडळ्या तेथे आलटून पालटून खेळ करीत. लोकांनी या वस्तीला ‘पिला हाऊस’ म्हणायला सुरुवात केली. ‘प्लेहाऊस’ या इंग्रजी शब्दाचे हे मुंबईकर रूप, आणि नाट्यगृहे जाऊन चित्रपटगृहे आली, मग तीही मोडकळीस आली, तरी नाव टिकले. बालीवाला ग्रँड थिएटरसारखी नाट्यगृहे मराठी संगीत नाटकाची माहेरघरे झाली. 8 जुलै 1921 रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहून केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग बालीवालामध्येच झाला. या वैभवाच्या नकाशावर ठाणे आणि कल्याण कुठे होते, असा प्रश्न विचारला तर उत्तर असे की ती वाटेवर होती. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक घाट चढून पुण्याकडे आणि दुसरा नाशिककडे. त्यामुळे मुंबईहून पुण्याला, पुण्याहून नाशिक-वऱ्हाडाकडे जाणाऱ्या अनेक मंडळ्यांचे पडदे, पेटारे, तबले आणि आचारी कल्याणवरूनच पुढे गेले. नाटक कंपनी ही त्या काळी बिऱ्हाडासकट फिरणारी संस्था होती. तिचा मुक्काम एका शहरी महिना-दोन महिने पडे आणि तो परवडावा इतका प्रेक्षक जेथे असेल तेथेच ती उतरे. मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या ठाणे-कल्याणला असा दीर्घ मुक्काम घेण्याचे कारण नव्हते, आणि नाट्यगृह बांधण्यासाठी पैसा गुंतवणारा ठेकेदार किंवा संस्थानिकही नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर खुले केले, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. ठाणे जिल्हा खालसा मुलूख होता, येथे दरबार नव्हता, होती ती कचेरी.

म्हणून येथील रंगमंच तात्पुरता राहिला, पण रिकामा राहिला नाही. कल्याणात 1864 साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले आणि ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय. अशा संस्थांभोवती जो शिकलेला मध्यमवर्ग जमला त्याने वाचनाबरोबर व्याख्यान, कीर्तन आणि हौशी नाटक यांचीही हौस जोपासली. सार्वजनिक गणेशोत्सव 1890 च्या दशकात रुजल्यावर मेळे आले. मेळा म्हणजे पदे, संवाद आणि छोटी प्रहसने सादर करणारा मुलांचा किंवा तरुणांचा संच, आणि अनेक नटांनी पहिली रंगभूषा मेळ्यातच चढवली. शाळेचा हॉल, देवळाचे प्रांगण, मैदानात बांबूंवर उभारलेला मंच आणि समोर सतरंज्या, एवढ्यावर या शहरांच्या नाट्यजीवनाची अनेक दशके निभावली. या शहरांतील नोकरदार वर्ग रोज मुंबईला जाणारा होता. सहाच्या सुमारास कचेरी सुटली की तालमीला बसण्याआधी त्याला गाडी पकडावी लागे, आणि तालीम संपल्यावर दुसऱ्या दिवशीची पहाटेची गाडी त्याची वाट पाहत असे. अशा वेळापत्रकात हौशी रंगभूमी उभी राहिली ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

बोलपट आल्यावर चित्र बदलले. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट 1932 साली आला आणि त्यानंतरच्या दशकात मुंबई-पुण्यातील नाट्यगृहे एकेक करून चित्रपटगृहे झाली. नाटकाला इमारतच उरली नाही, तेव्हा मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने 1944 मध्ये चौपाटीजवळच्या मोकळ्या जागेत नाट्यमहोत्सव भरवला, पुढे गिरगावातील केळेवाडीत खुले रंगमंदिर चालवले आणि 1964 साली तेथेच बंदिस्त नाट्यगृह उभे केले. पाठोपाठ 1965 साली दादरला शिवाजी मंदिर सुरू झाले. परळच्या कामगारवस्तीत सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह 1922 पासूनच होते. ही तिन्ही नाट्यगृहे सार्वजनिक संस्थांनी चालवलेली, आणि तिन्ही रेल्वे स्थानकापासून पायी पोहोचण्याजोगी. दादरचे महत्त्व येथे विशेष आहे, कारण दादरला मध्य आणि पश्चिम हे दोन्ही रेल्वेमार्ग भेटतात. डोंबिवली-कल्याणच्या प्रेक्षकाला गिरगाव दूर पडत असे. दादर मात्र त्याच्या रोजच्या वाटेवर आले, आणि शिवाजी मंदिराच्या तिकीटबारीपाशी टांगलेला ‘प्लॅन’, म्हणजे आसनांचा तक्ता ज्यावर विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर खूण केली जाते, पाहून शनिवार-रविवारची तिकिटे काढणे हा त्याच्या जीवनक्रमाचा भाग झाला. संगीत नाटकाच्या जमान्यात पाच-सहा तास चालणारा आणि ‘वन्समोअर’च्या आग्रहाने पहाटेपर्यंत लांबणारा प्रयोग आता अडीच-तीन तासांत बसवला गेला. त्यामागे नाट्यलेखनातले बदल होतेच, पण रात्री साडेआठचा प्रयोग शेवटच्या लोकलआधी संपलाच पाहिजे ही अडचणही होती, आणि तिचा उल्लेख नाट्यसमीक्षेत क्वचितच येतो.

बंदिस्त नाट्यगृह हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, ही कल्पना महाराष्ट्रात पक्की केली ती पुण्याने. बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी खुले झाले. पुणे महानगरपालिकेने ते बांधले आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या रंगकर्मीचा त्याच्या आखणीत सल्ला होता. पाणीपुरवठा, रस्ते आणि दवाखाने यांच्या पंक्तीत रंगमंदिर जाऊन बसले आणि पुढील तीन-चार दशकांत राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांनी हाच कित्ता गिरवला. या ओळीत ठाणे लवकर आले. ठाण्याची नगरपालिका 1863 सालची, म्हणजे राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक, जनकवी पी. सावळाराम यांच्यासारखा गीतकार तिचा नगराध्यक्ष होऊन गेला होता, आणि 1967 साली शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली तीही याच नगरपालिकेत. मराठीपणाच्या मुद्द्यावर निवडून आलेल्या सत्तेसाठी मराठी नाट्यगृह ही केवळ सोय नव्हती, तो तिच्या भूमिकेचा दृश्य पुरावा होता. 1978 साली मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले. ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली ती त्यानंतर, 1 ऑक्टोबर 1982 रोजी. म्हणजे हे रंगायतन नगरपालिकेने बांधले आणि महानगरपालिकेला वारशात मिळाले.

रंगायतनाची जागा नीट पाहण्यासारखी आहे. मासुंदा तलाव, ज्याला ठाणेकर तलावपाळी म्हणतात, हा जुन्या ठाण्याचा मध्य. त्याच्या जवळच कौपिनेश्वराचे मंदिर आहे, ज्याची सध्याची बांधणी पेशवाईतील सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्याकडे जाते. त्याला लागून जांभळी नाक्याची बाजारपेठ, आणि पलीकडे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर रेल्वे स्थानक. देऊळ, तलाव, बाजार आणि रंगमंच एकाच वर्तुळात येणे ही कोकणातल्या आणि देशावरच्या गावांची जुनी रीत. जत्रेत नाटक देवळापुढे होते, कारण माणसे तेथे आधीच जमलेली असतात. ठाण्याने ही रीत सिमेंटमध्ये बांधली. सुमारे हजार प्रेक्षकांचे हे नाट्यगृह पहिल्यापासून मुंबईच्या व्यावसायिक निर्मात्यांच्या गणितात बसले. मुंबईबाहेर पहिलाच मुक्काम, सामान लॉरीतून तासाभरात पोहोचणारे, नटांना रात्री घरी परतता येणारे आणि प्रेक्षक हमखास येणारा. मोठ्या निर्मितीचा नारळ दादर-गिरगावात फुटला तरी नाटक चालणार की पडणार याचा अंदाज निर्माते ठाण्याच्या बुकिंगवरून घेऊ लागले. काळाच्या ओघात इमारत थकली. मोठ्या नूतनीकरणासाठी 2024 साली ती बंद करण्यात आली आणि 2025 मध्ये पुन्हा खुली झाली.

गडकऱ्यांचे नाव या नाट्यगृहाला देण्यात जो विचार होता त्यात एक नियतीचा खेळही आहे. राम गणेश गडकरी 1885 साली जन्मले आणि 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सावनेर येथे निवर्तले. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, गंधर्व नाटक मंडळीकडून. म्हणजे ज्या नाटकामुळे त्यांचे नाव घराघरांत गेले त्याचा प्रयोग त्यांनी पाहिलाच नाही. बालपणाचा काही काळ त्यांनी कर्जतला काढला होता, जे कल्याणच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी, याच लोहमार्गावर आहे. त्यांना स्वतःला किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी करताना भाड्याच्या थिएटरांचा आणि कंपनीच्या बिऱ्हाडाचा अनुभव होता. नगरपालिका आपल्या नावाने नाट्यगृह बांधील ही कल्पना त्यांच्या काळात विनोदी लेखातच शोभली असती.

रंगायतन, रंगमंदिर, कलामंदिर, नाट्यगृह, हे चार शब्द या पट्ट्यातील चार इमारतींनी वाटून घेतले आहेत. ‘आयतन’ म्हणजे निवासस्थान किंवा पूजास्थान, त्यामुळे रंगायतन आणि रंगमंदिर या शब्दांत नाटकाला देवत्व देण्याची तीच भावना आहे जी नटेश्वराच्या पूजेत आणि पहिल्या घंटेआधी फोडल्या जाणाऱ्या नारळात दिसते. ठाण्यातील दुसरे नाट्यगृह मात्र साध्या ‘नाट्यगृह’ या नावाने ओळखले जाते. ते जुन्या शहरापासून दूर, पोखरण रस्त्यावरच्या हिरानंदानी मेडोज या नव्या वसाहतीत, एकविसाव्या शतकात उभे राहिले. मोठ्या सभागृहाबरोबर येथे लहान सभागृहही आहे, आणि प्रायोगिक नाटकांना, एकांकिकांना व छोट्या कार्यक्रमांना ते परवडते. नाव ज्यांचे दिले ते काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे, व्यवसायाने दंतवैद्य. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) मधील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ (1966) मधील लाल्या या भूमिकांनी त्यांना असे वलय दिले की प्रवेशालाच टाळ्यांचा कडकडाट होई. 1986 साली त्यांचे निधन झाले. नाटककाराऐवजी नटाचे नाव इमारतीला मिळणे हे बालगंधर्वांच्या बाबतीत पुण्यात झालेच होते, परंतु घाणेकरांचे नाव हे व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकप्रियतेला दिलेले प्रशस्तिपत्र आहे. पोखरण रस्त्यावर पोहोचायला रिक्षा किंवा स्वतःचे वाहन लागते. रुळांची साथ सोडणारे हे मोठे नाट्यगृह, आणि त्याचा प्रेक्षकही बव्हंशी त्याच्या आसपासच्या गृहसंकुलांतला आहे.

कल्याण आणि डोंबिवली ही दोन शहरे 1983 साली एका महानगरपालिकेत आली आणि नाट्यगृहाचा प्रश्न लगेच दुहेरी झाला, कारण एका शहरातले नाट्यगृह दुसऱ्याला आपले वाटत नाही. कल्याणच्या पश्चिमेला महापालिकेच्या मुख्यालयाच्या परिसरात आचार्य अत्रे रंगमंदिर झाले. प्रल्हाद केशव अत्रे (1898-1969) सासवडकडचे. कल्याणशी त्यांचे नाते व्याख्यानांचे आणि नाटकांचे, जसे ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराशी होते. ‘साष्टांग नमस्कार’ (1933) पासून बोलपटाच्या लाटेतही प्रेक्षकाला नाट्यगृहाकडे ओढणाऱ्या मोजक्या नाटककारांत त्यांची गणना होते, आणि 1962 साली आलेल्या त्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने प्रभाकर पणशीकरांच्या पाच रूपांसाठी फिरता रंगमंच मराठीत रुळवला. फिरता रंगमंच म्हणजे चाकांवर बसवलेले वर्तुळाकार व्यासपीठ, ज्यावर एक प्रवेश चालू असताना मागच्या बाजूस दुसऱ्याचे नेपथ्य लावून ठेवतात आणि अंधारात ते फिरवले की स्थळ बदलते. या यंत्रणेचा नाट्यगृहबांधणीशी थेट संबंध आहे. विंगांमध्ये, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशांत, किती मोकळी जागा आहे आणि रंगमंचाची खोली किती फूट आहे, यावर अशा नाटकाचा दौरा त्या शहरात होऊ शकतो की नाही हे ठरते, आणि वास्तुरचनाकाराने दर्शनी कमानीवर खर्च करून विंगा अरुंद ठेवल्या तर त्याची किंमत पुढली चाळीस वर्षे नेपथ्यकार मोजतो.

डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर शहराच्या पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, घरडा सर्कलजवळ आहे. मध्यमवर्गीय, वाचनप्रिय आणि नाट्यवेडे शहर म्हणून डोंबिवलीची ख्याती असली आणि 2017 साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले असले, तरी स्वतःचे नाट्यगृह या शहराला ठाण्यानंतर कितीतरी उशिरा मिळाले, आणि त्याआधीच्या पिढीने नाटक पाहिले ते दादरला, ठाण्याला किंवा शाळांच्या पटांगणात. सावित्रीबाईंच्या नावाचा नाटकाशी काय संबंध, असे कोणाला वाटेल, तर तो वाटतो त्याहून जवळचा आहे. जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते नाकारले, आणि भोळ्या शेतकरी जोडप्याला लुबाडणारा भट व शिक्षणाची वाट दाखवणारा पाद्री यांचे हे नाटक त्या काळात रंगमंचावर येऊ शकले नाही. मराठी नाटक ज्या काळात पौराणिक आख्यानांत रमले होते त्याच काळात लिहिलेले हे सामाजिक नाटक. त्याच्या लेखकाच्या सहचारिणीचे नाव एका नाट्यगृहावर यावे यात न्याय आहे, मग नाव देणाऱ्यांच्या मनात हे नाटक असो वा नसो.

पालिकेचे नाट्यगृह चालते कसे, हे प्रेक्षकाला सहसा दिसत नाही. येथे मुख्य व्यवहार तारखांचा. निर्माते आणि संस्था ठरावीक मुदतीने अर्ज करतात, अनामत भरतात आणि तारखांचे वाटप होते. शनिवार-रविवारच्या दुपार-रात्रीच्या तारखांना मागणी सर्वाधिक असते, कारण व्यावसायिक नाटकाचा आठवडा आता त्या दोन दिवसांत आक्रसला आहे. उरलेले दिवस शाळांची स्नेहसंमेलने, नृत्यवर्गांचे कार्यक्रम, सत्कार, पक्षांचे मेळावे आणि वाद्यवृंद यांनी भरतात. भाडे नाटकाला कमी आणि इतर कार्यक्रमांना जास्त असावे, ही रंगकर्मींची जुनी मागणी, आणि नाट्यगृहाने आपला खर्च आपण भागवावा ही लेखापरीक्षकाची तितकीच जुनी अपेक्षा. या ओढाताणीत स्वच्छतागृहे, वातानुकूलन आणि रंगपट, म्हणजे नटांची रंगभूषेची खोली, यांची दुरुस्ती मागे पडत जाते, आणि मग एके दिवशी नाट्यगृह वर्षभरासाठी बंद होते.

दिव्याकडे वळताना नाट्यगृहाची ही सारी व्याख्या थोडी बाजूला ठेवावी लागते. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आहे. जुना मार्ग त्याला वळसा घालून कळवा-मुंब्र्यावरून जातो आणि 1916 साली खुला झालेला सुमारे सव्वा किलोमीटरचा बोगदा त्याच्या पोटातून. दिवा, दातिवली, आगासन, बेतवडे, साबे ही मूळची आगरी-कोळी वस्तीची खाडीकाठची गावे. येथील रंगमंच जत्रेचा, पालखीचा आणि लग्नाच्या मांडवाचा. लग्नात धवले गाणारी धवलारीण ही आगरी समाजातली विधी सांगणारी आणि गाण्यातून कथा पुढे नेणारी स्त्री. तिला कोणी नटी म्हणत नाही, पण तासन्‌तास मांडव बांधून ठेवण्याची कला तिच्यापाशी असते. आता ही गावे ठाणे महानगरपालिकेत आहेत, म्हणजे गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह ही दिव्याच्या करदात्याचीही नाट्यगृहे. पण तेथे जाण्यासाठी त्याला खचाखच भरलेल्या लोकलने मुंब्रा आणि कळवा ओलांडून ठाण्याला उतरावे लागते. डोंबिवलीचे कलामंदिर त्याला त्याहून जवळचे, मध्ये फक्त कोपर, मात्र ते दुसऱ्या महापालिकेचे.

गेल्या काही दशकांत दिवा झपाट्याने वाढले. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, मुंबईतली घरे आवाक्याबाहेर गेली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील अनेक कुटुंबे मध्य रेल्वेच्या वाटेने एकेक स्थानक पुढे सरकत दिव्यापर्यंत आली. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाल्यावर दिवा हे कोकणाच्या वाटेवरचे ठिकाण झाले. दिवा-सावंतवाडी हे गाडीचे नावच त्या नात्याची खूण आहे. या लोकांबरोबर त्यांची रंगभूमीही आली. दशावतार हा सिंधुदुर्गातल्या देवळांच्या वार्षिक जत्रेत रात्रभर चालणारा नाट्यप्रकार. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आणि मग पुराणातले आख्यान, संवाद बहुतांशी उत्स्फूर्त, आणि नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडे, जे कधी सिंहासन असते, कधी पर्वत, कधी रथ. रत्नागिरीकडचे नमन-खेळे म्हणजे गण, गवळण, संकासुराचे विनोद आणि शेवटी वगनाट्य. गिरणगावात स्थायिक झालेल्या चाकरमान्यांची गावमंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा शाळेसाठी निधी जमवायला दामोदरसारखी नाट्यगृहे घेत आणि आपल्या गावच्या नमनाचा प्रयोग लावत. तिकिटे छापील असली तरी ती खपवली जात ओळखीपाळखीने, चाळीच्या जिन्यांवर. हा प्रेक्षक परळहून दिव्याला आला, पण दामोदर त्याच्या मागोमाग आले नाही.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने हा सारा प्रकार व्यावसायिक रंगमंचावर नेला. मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेले, 1980 साली आलेले हे मालवणी नाटक म्हणजे गावकऱ्यांनी बसवलेल्या महाभारतातल्या नाटकाची फजिती. त्यात विंगेतला गोंधळ हाच मुख्य खेळ आहे. देवळापुढच्या तात्पुरत्या मंचाची सगळी अडगळ त्याने पक्क्या नाट्यगृहात आणून मांडली आणि शहरी प्रेक्षक तिच्यावर हसताना आपल्या गावच्या रंगमंचाला ओळखत होता. ठाण्यात 2016 साली शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी गवाणकर होते.

मात्र ज्या मंचावर ‘वस्त्रहरण’ बेतले होते, तो मंच शहरात दिवसेंदिवस अवघड होत गेला आहे. पूर्वी रात्रभर चालणारा खेळ मैदानात लावता येत असे. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना राहिली. बंदिस्त सभागृहाला ही अडचण येत नाही. म्हणजे कायद्याने नकळत असे केले की ज्या वस्तीत पक्के नाट्यगृह आहे तेथेच रात्रीचे नाटक शक्य राहिले, आणि ज्या वस्तीत नाही तेथे दहा वाजता ते संपवणे भाग पडले. मुंबई शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या नाट्यरसिकाला या नियमाने शांतता दिली. दिव्यासारख्या उपनगरात, जेथे मैदाने आधीच इमारतींनी गिळली आहेत, तेथे संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला लोकलमधून उतरून हातपाय धुवेपर्यंत साडेआठ वाजतात, आणि उत्सवाच्या मांडवातल्या खेळासाठी उरतो तो दीड तास. संकासुराचा पूर्वरंग त्यात बसवायचा की आख्यान, हे मंडळाने ठरवायचे. बहुतेक वेळा पूर्वरंग आटोपता घेतला जातो, बाकड्यावर राजा येऊन बसतो आणि आख्यानाला थेट सुरुवात होते.